अकरा वर्षांची खरखर

सोलो अल्बम म्हणजे सोलो! गिटार मी, रेकॉर्डिंग मी, प्रयोग मी. चौघांच्या बँडमध्ये चौदा वर्षं खांबासारखा कोपऱ्यात उभा राहिलेला माणूस स्वतःचा अल्बम काढतो, तेव्हा तो दुसऱ्या कुणाचा श्वासही आत येऊ देत नाही. मी तर देणारच नव्हतो!

सहा रचनांपैकी पाच झाल्या होत्या. सहावी, अकरा मिनिटांची, शनिवारी दुपारी बारापर्यंत पाठवायची होती. अल्बम काढणाऱ्या कंपनीच्या बाईंनी बजावलं होतं, "बारा म्हणजे बारा. आणि तुमची ती खरखर हवी हं. तीच तर तुम्ही आहात!"

माझी खरखर! ती अशीच नाही हो मिळत. माझा ॲम्प्लिफायर अकरा वर्षांपूर्वी जिन्यावरून गडगडला. स्पीकरचा पडदा फाटला, आतली एक तार सैल झाली, आणि तेव्हापासून त्याच्या पोटातून असा आवाज येऊ लागला, जणू पाचोळ्यावरून कुणी अनवाणी चालतंय. लोक गळ्याला जपतात, मी या बिघाडाला जपत होतो.

बुधवारी मी गिटारच्या नव्या तारा आणायला बाहेर पडलो. तेवढ्यात आमचे सासरे राहायला आले.

सासरे टेलिफोन खात्यातले. अडतीस वर्षं लोकांच्या फोनमधली खरखर काढण्यात गेली. निवृत्त झाल्यापासून खिडकीशी बसून नुसते रस्ता बघायचे. माझ्या कामाबद्दल त्यांनी नऊ वर्षांत चकार शब्द काढला नव्हता. चारचौघांत ओळख करून देताना सांगायचे, "जावई विजेच्या वस्तूंमध्ये आहेत."

मी परतलो, ॲम्प्लिफायर लावला, आणि... काही नाही! गिटार नव्या नवरीसारखी नाजूक बोलली.

"आभार नकोत," मागून आवाज आला. सासरे टॉवेलने हात पुसत उभे. चेहरा उजळलेला. "तार सुटली होती, डाग देऊन टाकला. पडदाही शिवला. इतकी वर्षं तुम्ही हे सोसत होतात, जावईबापू? एक शब्द नाही बोललात!"

मी बायकोला स्वयंपाकघरात गाठलं. "तुझ्या बाबांनी माझा अल्बम मारला!"

"हळू बोल! दोन वर्षांनी हसलेत ते. कालपर्यंत तिकडे घरी जेवतानाही बोलत नव्हते. तू त्यांना काही बोललास ना, तर याद राख!"

मग मी काय केलं? गुपचूप तार सैल केली. गुरुवारी सकाळी बघतो तर पुन्हा घट्ट!

"पुन्हा सुटली होती," सासरे गंभीरपणे म्हणाले. "म्हणजे दोष यंत्रात नाहीच. घराच्या वायरिंगमध्ये आहे."

आणि एकेक स्विचबोर्ड उघडत निघाले.

आता घरातला दुसरा कुठलातरी आवाज पकडायचा, एवढंच माझ्या हातात होतं. फ्रिज छान घोरायचा. मी माइक घेऊन धावलो, तर सासरे फ्रिजच्या मागून बाहेर येत होते. "जरा तिरका होता, सरळ केला." पंख्याची टकटक? तेल घातलं. बिजागरीचं रडणं? तेल घातलं. नळाची टिपटिप? वॉशर बदलला! ते पुढे, मी मागे, माझ्या मागे माइकची वायर. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत घर असं चिडीचूप झालं की खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. "सगळे बरे आहात ना गं? काही आवाज नाही, म्हटलं बघून यावं."

शनिवार, सकाळचे दहा. बायकोने सासऱ्यांना भाजी आणायला नेलं. मी गिटार जोडली, समोर माइक ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं. न जाणो, एखादी चुकार खरखर निसटली तर पकडता येईल! मग स्क्रूड्रायव्हर घेऊन ॲम्प्लिफायरचं पाठीमागचं झाकण उघडलं. आत प्रत्येक तारेला दोरा बांधलेला, प्रत्येक दोऱ्याला चिठ्ठी, चिठ्ठीवर निळ्या शाईत मोत्यासारखं अक्षर: "हलवू नये." माझा हातच धजेना.

"जावईबापू?"

दारात सासरे! चष्मा विसरले म्हणून परतले होते. ते माझ्याकडे बघत राहिले, माझ्या हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडे बघत राहिले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"शिकायचंय? अहो, मग आधी नाही का सांगायचं!"

भाजी राहिली बाजूला. मला मांडी घालून बसवलं, मांडीवर गिटार दिली. "मी एकेक तार तपासतो, तुम्ही मधूनमधून एक सूर वाजवा. हळू. घाबरवू नका तिला."

कुणाला? तर तारेला! सासरे झाकणाआड वाकले आणि एखाद्या तापातल्या लेकराशी बोलावं तसं पुटपुटू लागले,

"थांब गं साळू, थांब गं बाई,
एक स्क्रू उरला, घाई नाही.
कुठं गं दुखतं, दाव ना जरा,
एवढ्या घरचा तूच आसरा..."

अडतीस वर्षं खांबांवर, गटारांत, पावसात एकट्याने काम करताना कुणाशी बोलणार? तारांशीच बोलले असणार. मी सूर वाजवत राहिलो. काय वाजवलं, शपथ, आठवत नाही.

भानावर आलो तेव्हा पावणेबारा! रेकॉर्डिंग चालूच होतं. दुसरं काही हाताशी नव्हतं. त्यातली अकरा मिनिटं कापून घेतली आणि बारा वाजायला दोन मिनिटं असताना देवाचं नाव घेऊन पाठवून दिली.

सोमवारी मी हेडफोन सासऱ्यांच्या कानांवर चढवले. न विचारता त्यांचा आवाज घेतला होता, सांगणं भाग होतं. ते डोळे मिटून अकराही मिनिटं ऐकत राहिले. बायको दारात पदर चावत उभी.

त्यांनी हेडफोन काढले, नीट घडी करून ठेवले.

"लाइन एकदम स्वच्छ आहे," ते म्हणाले. "फक्त मागे कुणीतरी गिटार वाजवतंय. तेवढी काढा, की झालं."

बायको हसून हसून खाली बसली. हसा, तुम्हीही हसा! तेवढ्यात कंपनीच्या बाईंचा मेल आला. त्यांनीही सासऱ्यांचंच म्हणणं लिहिलं होतं, जरा गोड शब्दांत.