मेंदूवाले चौधरी सर

चौधरी सरांनी माझ्या लग्नात, भर मांडवात, नवरीची परीक्षा घेतली. आहेराचं पाकीट दिलं आणि म्हणाले, "वहिनी, पाच शब्द सांगतो. कंदील, कात्री, केळं, कोंबडी, कापूस. पाच मिनिटांनी विचारेन." मागची रांग तुंबली, फोटोवाला वैतागला. बायकोने पाचही शब्द बरोबर सांगितले. "उत्तम!" म्हणत सरांनी गळ्यातलं स्टॉपवॉच बंद केलं आणि आचाऱ्याला गाठायला निघून गेले.

नव्वदीच्या दशकातली ही गोष्ट. धुळ्याच्या एका मेडिकल कॉलेजात सर शिकवायचे, मी तिथे लॅब टेक्निशियन. सर मूळचे एदलाबादकडचे, म्हणजे आताच्या मुक्ताईनगरचे. घरी केळीच्या बागा, भाऊ-भावजय, माय. लग्न केलं नाही. कारण विचारलं तर म्हणत, "वेळ कुठे होता?" आणि ते खरंच वाटायचं, कारण हा माणूस एका जागी उभा राहत नसे. वाक्य लॅबमध्ये सुरू करत, व्हरांड्यात वाढवत आणि ओपीडीत संपवत. आपण मागे धावलो तर पुरं ऐकू येणार.

धुळ्याला आग्र्याचा आणि सुरतेचा असे दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात. त्यामुळे ढाब्यांवर ट्रकच ट्रक. काही ड्रायव्हर गर्दाच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, नादी लागलेले, एकाच सुईने टोचून घेणारे. त्यातूनच त्यांना एचआयव्ही झालेला. सरांना एकच प्रश्न छळायचा. गर्दाने मेंदू मंदावतो आणि हा रोगही मेंदूत शिरतो. मग दोन्ही एकाच माणसात असले तर मेंदू कोणी किती खाल्ला, हे ओळखायचं कसं? संशोधनाला मदत मागणारा अर्ज दोनदा परत आला. तिसऱ्यांदा कोणीतरी वर शेरा मारला होता, "धुळ्यात मेंदू?" सरांनी तो कागद फ्रेम करून भिंतीवर लावला आणि सुताराकडून भोकं पाडलेली एक फळी करून घेतली.

भोकांत खुंट्या भरायच्या. किती वेळ लागला, ते सर मोजणार. स्कूटरवर मी मागे ती फळी घेऊन बसायचो. ढाब्यावर पोचलो की ड्रायव्हर ओरडत, "अरे, खुंटीवाले डॉक्टर आले!" कोणी म्हणालं, "सर, आज जरा डोकं जड आहे," तर सर खेकसत, "मत नको, आकडा दे!" एकदा प्राचार्यांनाही त्यांनी पाच शब्दांच्या परीक्षेला बसवलं. प्राचार्य दोन शब्द विसरले. त्यानंतर सरांची रजा कधीच वेळेवर मंजूर झाली नाही.

या ड्रायव्हरांपैकी कॉलेजात सगळ्यांत नियमित यायचा सुभाष. पिंपळनेरच्या पुढचा, तिशीतला, हसरा. एचआयव्ही त्यालाही झालेला. त्याने गर्द सोडला होता, हट्टाने सोडला होता. दर पंधरवड्याला येऊन खुंट्या भरायचा. पण गर्द सुटूनही त्याचा वेळ वाढतच चालला. हातातली खुंटी कुठे लावायची, तेच विसरायचा. आणि याच एका पुराव्याची सर वाट पाहत होते. गर्द नाही, तरी मेंदू झिजतोय. म्हणजे हे त्या रोगाचंच काम.

"आकडा बोलला!" सर व्हरांड्यात ओरडले. मला मिठी मारली. फळीवरून मान वर करून सुभाषने विचारलं, "काय व्हयनं, सर? मी पास व्हयनू का?"

सर थांबले. त्यांच्या हातातलं स्टॉपवॉच चालूच होतं. ते बंद करून म्हणाले, "हो रे. पास झालास." त्यानंतर त्यांनी सुभाषला कधीही फळीवर बसवलं नाही. तो यायचा, तेव्हा नुसते त्याच्याशी गप्पा मारत. त्या काळी द्यायला औषधही आमच्याकडे नव्हतं.

पुढे सुभाषला एकटं फिरणं जमेना. मग सरांनी जीप ठरवली आणि आम्ही त्याला घरी पोचवायला गेलो. घरात म्हातारी आई एकटीच. तिने आम्हाला घरात बसवलं, सुभाषला ओट्यावर. आमची ताटं पुढे केली आणि त्याला बाहेर जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, थाळी. "यानं ताट येगळं ठेवेल शे, भाऊ," ती खाली मान घालून म्हणाली. "गावना लोके सांगतस."

सर आपलं ताट तसंच ठेवून उठले, ओट्यावर गेले, सुभाषशेजारी मांडी घातली आणि त्याच्याच थाळीतली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर मोडली. उडदाच्या डाळीत बुडवून एक घास त्याला भरवला, एक स्वतः खाल्ला. म्हातारी बघत राहिली. मग आतून भाकरींची टोपली घेऊन आली आणि त्या दोघांपुढे बसली.

परतताना मी म्हणालो, "सर, सुभाषच्या आईला छान समजावलंत."

"समजावलं कुठे? भूक लागली होती." जीप साक्रीला पोचली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आमच्या घरी माझी ताट-वाटी वेगळी असते. वहिनी मला पडवीत वाढते. मी अशा पेशंटांचं रक्त हाताळतो ना! तिचं चुकत नाही हो, लहान पोरं आहेत घरात. मी काही बोललो नाही कधी."

मला तोंड वर करवेना. तीन वर्षं मी या माणसाच्या स्कूटरवर मागे बसत होतो. त्याला एकदाही घरी जेवायला बोलावलं नव्हतं, आणि का नव्हतं, ते मला पक्कं माहीत होतं.

"सर," मी म्हणालो, "रविवारी घरी या जेवायला."

"बघतो. कामं आहेत," ते म्हणाले.

रविवारी साडेनऊलाच आले. बायको चुलीवरच्या उपड्या खापरावर पुरणाचे मांडे करत होती. सर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात घुटमळले. "वहिनी, मी बाहेरच बसतो," ते हळूच म्हणाले.

तिने चुलीपुढून मान न वळवता पाट सरकवला. "इथे बसा. मांडा खापरावरचा गरमच खायचा असतो."

सरांनी चार मांडे खाल्ले. पाचव्याला नको नको म्हणाले, पण तिने ऐकलं नाही.