शरयूताईंचे एकतीस सेकंद

गळ्यात स्टॉपवॉच घालून गणपतीच्या आरतीला येणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. शरयूताई. डब्लिनपासून चार-साडेचार तासांवरच्या केरी परगण्यातल्या एका हॉलमध्ये आम्ही दहा-बारा मराठी कुटुंबं जमलो होतो. आरती नुकती संपली होती, टाळ अजून हातात होते, आणि या बाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "मागच्या वर्षीपेक्षा चाळीस सेकंद कमी. कोणीतरी कडवं खाल्लं."

खाल्लं होतं. पुढे उभा राहून आरती सांगणारा मीच होतो.

ही दोन हजार दहाची गोष्ट. बायकोला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून मी डब्लिनचं क्लोनडॉकिन उपनगर सोडून केरीत आलो होतो. पुढच्याच महिन्यात समुद्राकाठच्या हवामान केंद्रात मला प्रोग्रामरचं काम मिळालं. पहिल्या दिवशी प्रयोगशाळेत डोकावतो तर समोर शरयूताई. नागपूरच्या, पन्नाशी ओलांडलेल्या, रसायनशास्त्रातल्या. मला पाहून एवढंच म्हणाल्या, "आकडे तरी खाऊ नको."

दर बुधवारी केंद्रातून एक मोठा पांढरा फुगा सुटायचा. त्याला थर्माकोलचा डबा, डब्यात चिमुकला पंप. वर जाता जाता पंप हवा ओढणार, ती एका द्रावणातून जाणार, हवेत ओझोन असेल तेवढी बारीकशी वीज निर्माण होणार आणि तिचा आकडा रेडिओवरून खाली येणार. तीस-बत्तीस किलोमीटरवर फुगा फुटला की डबा पॅराशूटने कुठेतरी उतरायचा. पंप किती वेगाने हवा ओढतो हे नेमकं ठाऊक नसेल, तर सगळा हिशेब चुकतो. म्हणून शरयूताई फुगा सोडण्याआधी पंप जोडलेल्या काचेच्या नळीत साबणाचा पातळ पडदा चढवायच्या आणि तो शंभर मिलिलिटरच्या खुणेला पोचायला किती सेकंद लागतात ते मोजायच्या. त्या वेळी खोलीत कोणी शिंकलेलंही त्यांना चालत नसे. सेंट लावून आलेल्याला तर दारातूनच परत.

"खात्री कशावरून?" हा त्यांचा कायमचा प्रश्न. मी बाप होणार असल्याची बातमी दिली तेव्हाही आधी हेच विचारलं. अभिनंदन मागाहून.

आमचे साहेब डेक्लन अगदी उलट. त्यांना जगातली प्रत्येक गोष्ट 'ग्रँड' वाटे.

मार्चमधल्या एका बुधवारी ओझोन फारच कमी निघाला. मोठा शोध लागला म्हणून डेक्लन हरखले. युरोपभर मेल पाठवायला बसले. शरयूताई त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या.

"खात्री कशावरून?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

जमिनीवरून सूर्याकडे बघून ओझोन मोजणारं यंत्र होतं, पण सूर्य दोन दिवस ढगांआडच होता. ताईंनी वही उघडली. पंपाचे सेकंद अठ्ठावीस. आदल्या बुधवारी? तेही अठ्ठावीस. खरं तर दर फुग्याचा पंप वेगळा, त्याचे सेकंदही वेगळे. बराच वेळ त्या स्वतःच्याच अक्षराकडे बघत राहिल्या.

"डबा सापडल्याशिवाय मेल जायचा नाही," त्या म्हणाल्या.

शुक्रवारी फोन आला. डब्यावर आमचा नंबर असतोच. टिपररीहून मिसेस टूमी नावाच्या आजीबाई बोलत होत्या. "माझ्या कोबीत तुमचं काहीतरी पडलंय बाई."

शनिवारी सकाळीच ताईंनी मला गाडीत घातलं. टूमीबाईंच्या स्वयंपाकघरात टेबलावर काचेची नळी उभी राहिली. पंप कोरडा केला, नवी बॅटरी लावली, भांड्यांचा साबण कालवला. नळी धरायचं काम टूमीबाईंकडे. आम्ही तिघंही श्वास रोखून होतो.

एकतीस. पुन्हा एकतीस. तिसऱ्यांदाही एकतीस.

"चांगलं आहे का हे?" टूमीबाईंनी दबक्या आवाजात विचारलं.

"बरोबर आहे," ताई म्हणाल्या.

"मग चहा टाकते."

म्हणजे पंप आम्ही धरलं होतं त्याहून सावकाश हवा ओढत होता. नव्या आकड्याने हिशेब केला तर ओझोन चारचौघांसारखा निघाला. ताईंनी तिथूनच डेक्लनना फोन लावला. "चूक माझी. आकडा मी चुकीचा लिहिला." पलीकडून अगदी बारीक आवाजात, "ग्रँड."

परतताना मी म्हटलं, "होतं असं कधीतरी."

"माझं होत नाही." गिअर बदलून म्हणाल्या, "त्या सकाळी नागपूरहून मुलीचा फोन आला. नात पहिल्यांदा 'आजी' म्हणाली. मी फोन कानाला लावून ऐकत राहिले आणि हाताने मागचाच आकडा लिहिला."

त्यांना नात आहे हे मला त्या दिवशी कळलं.

"कशी आहे दिसायला?"

"फोटोत पाहिली तेवढीच. सव्वा वर्षाची झाली. पण बुधवारचा फुगा कोण सोडणार?"

सोमवारी त्यांनी वहीत दुरुस्ती केली. नियमाप्रमाणे कारणही लिहिलं, जे खरं होतं तेच. डेक्लननी ते दोनदा वाचलं, सही केली आणि वहीवर रजेचा कोरा अर्ज ठेवून निघून गेले.

नागपूरला जाण्याआधी महिनाभर ताईंनी आम्हा दोघांना पंप मोजायला शिकवलं. डेक्लनना एकदा शिंकल्याबद्दल बाहेर काढलं.

मग आमचा पहिला बुधवार आला. पंप मोजून नळी काढतोय तोच नागपूरचा फोन. डेक्लननी घाईघाईने वही उघडून माझ्यापुढे धरली. आकडे वाचून दाखवायला मी घसा साफ केला.

पलीकडून नुसते बोबडे आवाज. मग कोणीतरी खुदकन हसलं. आणि फोनपासून लांबून, मी कधी न ऐकलेल्या लाडीक सुरात शरयूताई म्हणत होत्या, "म्हण ना, बाई. पुन्हा एकदा म्हण. काका ऐकून राहिलेत."