पास्कलने खोळंबवलेली गाडी

जऊळक्याहून वाशीमकडे जाणारी गाडी वर्षातून दोनदा हमखास उशिरा सुटायची. कारण आमचा पॉइंट्समन पास्कल. पुढचा मार्ग मोकळा असल्याची खूण म्हणून ड्रायव्हरला द्यायचा लोखंडी गोळा त्याच्या हाती असे आणि तो मिळाल्याशिवाय गाडी हलवायची नाही, असा नियम. पास्कल गोळा घेऊन इंजिनाकडे न जाता थेट तिसऱ्या वर्गाच्या डब्याशी जाई. तिथे खिडकीत, वर्षातून दोनदा वाशीमला जाणारे अकोल्याचे गोरे फादर बसलेले असत.

"फादर, मंग काय ठरलं?"

मी तेव्हा तिथे तिकीटबाबू होतो. पास्कल गावातला एकुलता एक ख्रिस्ती. कोणी काहीही सांगितलं की त्याचा सवाल ठरलेला, "लिवलं कुठी हाये?" भाजीवालीने वांगी ताजी आहेत म्हटलं तरी हेच. स्वतःला मात्र सहीपुरतंच लिहिता येई.

वाद जुना होता. दुष्काळात आईबाप गेले तेव्हा पास्कल पाच वर्षांचा. कारंज्याच्या एका पिंजारणीने त्याला उचललं, आपल्यातली अर्धी भाकर देऊन चार महिने जगवलं आणि घरातली ज्वारी संपली तेव्हा मिशनच्या अनाथाश्रमात पोचवलं. पास्कल वाचला, ख्रिस्ती झाला. ती मुसलमानच राहिली आणि तशीच वारली. आता त्याला तिच्या आत्म्यासाठी मिस्सा, म्हणजे फादरांनी करायची प्रार्थना, हवी होती. फादर म्हणत, बाप्तिस्मा नाही तिथे तारण नाही. पास्कल म्हणे, जिनं मले तारलं तिले तारण नाही, तर मी सरगात जाऊन करू काय?

तीन वर्षं असं चाललं. गार्ड शिट्ट्या मारून थके. शेवटी मीच पास्कलला त्याचं धर्मशिक्षणाचं पुस्तक वाचून दाखवू लागलो. त्यात एके दिवशी सापडलं: इच्छेचा बाप्तिस्मा. अंगावर पाणी पडलं नाही, तरी मनात खरी इच्छा असली तर माणूस तरतो. पास्कलने मला ते पाच वेळा वाचायला लावलं.

पुढच्या खेपेला त्याने पुस्तक खिडकीत धरलं. फादर शांतपणे म्हणाले, की ते बाप्तिस्मा मागणाऱ्यांसाठी आहे. तिने कधी मागितला?

पास्कल हळू आवाजात म्हणाला, "तिनं मले खांद्यावर घेऊन मिशनात आनलं. दोन दिवसाची उपाशी होती. म्हने, याले जगवा, देव तं आपला एकच हाये. याच्याहून मोठी इच्छा कोनती, फादर?"

फादरांनी आपली पेटी उचलली आणि ते खाली उतरले. पास्कल इंजिनाकडे धावला. गाडी फादरांना सोडून वाशीमला गेली.

जाहीर मिस्सा होणार नाही, घरातल्या घरात होईल, असं फादरांनी बजावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पास्कलच्या क्वार्टरचं दार बंद होतं, पण बाहेर अर्धं गाव उभं. त्याने सूर्य उगवायच्या आत सगळ्यांना गूळ वाटून टाकला होता. मी खिडकीशी होतो.

फादरांनी विचारलं, "बाईंचं नाव काय?"

तीन वर्षं हार न मानणाऱ्या पास्कलला तेच ठाऊक नव्हतं.

"अम्मा म्हनत होतो," तो म्हणाला. "लहान होतो. नाव पुसाचं राहून गेलं."

फादरांनी मान हलवली आणि सुरुवात केली. त्या लॅटिनमधलं आम्हाला काही कळेना. मध्येच एक शब्द मात्र बाहेर उभ्या असलेल्या सगळ्यांना कळला. अम्मा. गुडघ्यावर बसलेल्या पास्कलने वळून माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा ओला होता, आणि तो हसत होता.