दिवाकरकाकांची मिशी आणि इतर दुरुस्त्या

"मिशी काढ म्हटलं होतं ना तुले? काहून ठेवली?" अभिनवभैयानं माझ्याच दुकानात माझ्याच टेबलावर हात आपटला.

"तुमच्या बाबाच्या तोंडावर आहे म्हणून," मी बी आवाज चढवला. "पहिले तिथून काढा, मंग चित्रातून काढतो."

ऑर्डरच्या कामात गिऱ्हाइकाची इच्छा आणि कलाकाराचं स्वातंत्र्य, दोन्ही सारखेच पवित्र असतात. अभिनवभैयाचे बाबा, म्हणजे दिवाकरकाका, रेल्वेतून रिटायर झाले होते. येत्या इतवारी, रविवारी, त्यांचा सत्कार होता. खुर्चीमागं लावाले मोठं चित्र पाहिजे होतं, फोटोवरून, हुबेहूब. हुबेहूब म्हणजे दोन शेड गोरं. (आमच्या बूढ़ापारा मोहल्ल्यातले अर्धे बुजुर्ग मी असेच हुबेहूब केले आहेत. एवढे तब्येतवान लोक गल्लीतल्या डॉक्टरले बी पाहाले भेटत नाही.)

मले पूर्ण स्वातंत्र्य होतं. मागचा पडदा हिरवा घ्याचा की निळा, ते मीच ठरवाचं होतं. मंग काकांच्या पोरीची, अनुश्रीदीदीची, तेलीबांध्याहून व्हॉइस नोट आली, "भैया, परदा तो मरून ही रखना." पडदा गडद लाल झाला, स्वातंत्र्याचं काम तिथं संपलं.

मंग मी टक्कल भरलं, कोट घातला, पोट मागं घेतलं. कपाळावरची आठी बी पुसली. साऱ्या नोकरीत काकांनी तेवढीच स्वतःसाठी कमावली होती. आता मिशीच उरली. तिच्यावरूनच माणूस ओळखू येत होता, म्हणून मी अडून बसलो.

काका तिथंच स्टुलावर होते. त्यांना कोणी विचारलं नाही. ज्याचं चित्र असते त्याचं मत घेत नसतात, त्याचा त्यात स्वार्थ असते.

"मिशी राहू दे ना रे," ते हळूच बोलले.

"बाबा, तुम्ही मधात नका पडू."

'पहिले तिथून काढा' ही माझी सूचना मात्र घरात एकमतानं मंजूर झाली. इतवारी सकाळी न्हाव्यानं काकांची मिशी काढली. दिल्या शब्दाले जागून मी चित्रातली काढली. मंग काकांच्या डोक्याले विग, अंगाले कोट, गालाले पावडर लागली, आणि आठी येऊ नये म्हणून हसत राहाचा हुकूम झाला. चित्र दुरुस्त करण्यापेक्षा माणूस दुरुस्त करणं बरं पडते. रंग वाळाची वाट पाहा लागत नाही.

सत्कार मस्त झाला. लोकांनी आधी चित्र पाहिलं, मंग त्याच्यावरून काकांले ओळखलं. काकांच्या बायकोनं, वनमालाकाकूनं, दोघांकडं पाहून म्हटलं, "असाच नवरा पाहिजे होता मले!"

काकांनी विगात बोट घालून खाजवलं. "आता घरी जाऊन काढू ना हे?"

"कसं काढता बाबा? चित्र समोरच्या खोलीतच लागणार आहे," अभिनवभैया म्हणाला.

काका हसले. हुकूमच होता.

तुम्ही बी हसून राहिले ना? हसा, हसा. तुमच्या घरचे तुमचा फोटो घेऊन आत्ताच माझ्या दुकानाच्या पायरीवर आले आहेत. हुबेहूब पाहिजे म्हणतात. चला, मले निघावं लागते.