रोजचे एक्केचाळीस प्रेक्षक

महामारीनंतर संग्रहालये पुन्हा कशी सुरू करावीत, या विषयाचा मी तज्ज्ञ आहे. त्याआधी मी इंदूरच्या सांवेर रोडवरच्या एका बिस्किटांच्या गोदामात नियोजक होतो. लॉकडाऊनमध्ये गोदामाने मला घरी बसवलं. घरी बसून मी तीन दिवसांचा ऑनलाइन कोर्स केला आणि चौथ्या दिवशी सकाळी पोहे खाता खाता बायकोला जाहीर केलं की आजपासून मी संग्रहालय-पुनरारंभ सल्लागार आहे. विनीता म्हणाली, "असं का? पोह्यांवर भुरभुरायचं जिरावण संपलंय, तेवढं आणा."

माझं पहिलं आणि आजतागायत एकमेव काम म्हणजे पलासियातलं माळवा मराठी गृहवस्तू संग्रहालय. दोन खोल्या, एक दार. आत पाटे-वरवंटे, पाणी तापवायचा तांब्याचा बंब, संस्थानी कारकुनाची पगडी, अशा अडीचशे वस्तू. बावीस वर्षं हे सगळं एकट्या इंदुमतीबाई सांभाळतात. कुलूप उघडणं, वस्तू पुसणं, लोकांना माहिती सांगणं आणि येणाऱ्यांची नावं नोंदवहीत लिहिणं, ही त्यांची कामं. बंद काळातही, जरा सूट मिळाली की त्या पुसायला हजर असत.

संग्रहालय चालवणाऱ्या संस्थेचे सचिव कृष्णराव यांनी मला परिस्थिती समजावून सांगितली. शेजारच्या कोचिंग क्लासला जागा हवी होती. तेव्हा समितीने ठरवलं होतं, की बंद होण्यापूर्वी रोज सरासरी पंचवीस लोक येत असतील तरच संग्रहालय ठेवायचं, नाहीतर खोल्या क्लासला आणि वस्तू पोत्यांत. इंदुमतीबाईंचं काय, ते ठरावात नव्हतं. आकडा मी काढायचा, आणि नियोजनही मीच करायचं.

मी नोंदवह्या तपासल्या. रोजची सरासरी निघाली एक्केचाळीस. मी चकित झालो नाही. तज्ज्ञाने चकित व्हायचं नसतं, असं कोर्समध्ये सांगितलं होतं.

आता दोन खोल्यांत एक्केचाळीस माणसं म्हणजे गर्दी, आणि गर्दी म्हणजे धोका. मी गोदामाची जुनी योजना काढली आणि तिच्यात जिथे जिथे 'बिस्किटे' होतं तिथे 'वारसा' घातलं. काम झकास झालं. फक्त दोन वाक्यं जरा खटकणारी राहिली. एक, 'मुदत संपलेला वारसा ताबडतोब नष्ट करावा.' दुसरं, 'जो वारसा आधी आला तो आधी बाहेर पाठवावा.' इंदुमतीबाईंनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाल्या, "हृषीकेशजी, ह्या हिशेबाने तर पहिली मीच जाते." मी ती वाक्यं काढली. जड अंतःकरणाने काढली, कारण गोदामात त्यांची फार वाहवा झाली होती.

बाकीची योजना निर्दोष होती. साठीच्या पुढच्यांना आणि दहाच्या आतल्यांना प्रवेश नाही. उरलेल्यांनी अकरा ते पाच या वेळेत यावं, म्हणजे ते ऑफिसात किंवा क्लासात असतात तेव्हा. समोरासमोर कुणी येऊ नये म्हणून जमिनीवर एकाच दिशेचे बाण रंगवले. दार एकच, त्यामुळे दाराने आत गेलेल्याने मागच्या खोलीच्या खिडकीतून उतरायचं. त्यासाठी आत एक स्टूल आणि बाहेर एक स्टूल. शिवाय, ज्या वस्तूला हात लागेल तिला बहात्तर तास विलगीकरण. इंदुमतीबाई रोज सगळ्या वस्तू पुसत. त्यामुळे तिसऱ्या दिवशी अख्खं संग्रहालय मागच्या कोठीत विलगीकरणात गेलं आणि पुढे नुसत्या चिठ्ठ्या उरल्या. 'पगडी'. 'बंब'. सुरक्षिततेच्या दृष्टीने इतकं चोख काम इंदुरात कुणी केलं नसेल. इंदुमतीबाईंनी मात्र दुसऱ्या दिवशी सगळं परत जागेवर मांडलं.

उद्घाटनाचा रविवार उजाडला. अर्ध्या तासाला चार माणसं, अशी फोनवरून नोंदणी ठेवली होती. मी तापमान मोजायची बंदूक घेऊन दारात उभा. एक वाजेपर्यंत मी इंदुमतीबाईंचा ताप पाच वेळा पाहिला, स्वतःचा दोन वेळा. तीन वाजता एक गृहस्थ आले. मी त्यांना बाणावर उभं केलं, हातावर सॅनिटायझर ओतलं. मग त्यांनी विचारलं, "भिया, कोचिंग इधरही है क्या?"

आता आकडा माझ्या सहीने गेलेला. म्हटलं, नेहमीच्या प्रेक्षकांनाच फोन करावा. नावं शोधायला दोन हजार एकोणीसची वही उघडली. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी, सुवाच्य अक्षरात, माझंच नाव. 'सहकुटुंब. फार सुंदर. पुन्हा येऊ.'

मी त्या संग्रहालयात पहिलं पाऊल टाकलं ते सल्लागार म्हणून. इंदूर सोडून बाहेर गेल्यावर मात्र त्याच्याविषयी अभिमानाने बोलत आलोय.

"इंदुमतीबाई, हे खोटं आहे," मी म्हणालो.

"खोटं कसं? संक्रांतीला विजय नगरला तुमच्याकडे हळदीकुंकवाला आले होते ना मी. तुम्ही सोफ्यावर बसून म्हणालात, केवढं मोठं काम करता, शेवटच्या रविवारी नक्की येऊ. मी पाचपर्यंत वाट बघितली. मग लिहून टाकलं." त्यांनी वही स्वतःकडे ओढली. "जो म्हणतो नक्की येतो, त्याचं मी लिहिते. आपलीच माणसं आहेत. ती कशाला खोटं बोलतील?"

खरोखर आलेल्यांपुढे त्या बरोबरची खूण करत. मी त्या वर्षाच्या खुणा मोजल्या. नऊ. त्यातले तिघं ऊन लागलं म्हणून आत शिरलेले.

मला लाज वाटली. आणि लाजेपेक्षा मोठी भीती. अहवाल खोटा म्हणजे माझा धंदा बुडाला, आणि अहवाल खरा केला तर ही बाई बंब आणि पगडीसकट रस्त्यावर. रात्रभर तळमळलो, आणि समितीला खरं काय ते सांगून मोकळं व्हायचं ठरवलं.

बैठक विजय नगरच्या एका हॉटेलात होती, कारण संग्रहालयात एसी नाही. मी तोंड उघडणार, तोच सभासद अभिराम वैतागून म्हणाले, "एक्केचाळीस? पॉसिबलच नाही यार. तिथे चिटपाखरू नसतं."

मला काय झालं कुणास ठाऊक. मी वही त्यांच्यासमोर ठेवली. त्यांचं नाव तिच्यात चौदा वेळा होतं. पान उलटलं. कृष्णरावांचं बावीस वेळा, चारदा नातवंडांसह.

"हे खोटं असेल तर सांगा," मी म्हणालो. "मी अहवालात तसं लिहितो."

अभिराम स्वतःचा अभिप्राय पुन्हा पुन्हा वाचत होते. शेवटी कृष्णरावांनी घसा साफ केला. "आठवतंय तर. ती पगडी फार छान आहे."

मग सगळ्यांनाच आठवलं. एकाला बंब आठवला, तो मातीचा होता असंही आठवलं. संग्रहालय चालू ठेवायचं, हा ठराव एकमताने मंजूर झाला. त्यानंतर कृष्णरावांनी आणखी एक ठराव मांडला. गर्दी एवढी असताना समितीच्या सभासदांनी तिथे जाऊन सामान्य नागरिकांची जागा अडवू नये. तोही एकमताने मंजूर झाला, टाळ्यांसकट.

मी इंदुमतीबाईंना ही बातमी दिली. फोनवरून दिली. त्या म्हणाल्या, "फार उपकार झाले. आता वहिनींना घेऊन कधी येता?"

"येत्या रविवारी," मी म्हणालो. "नक्की."

पलीकडे पान उलटल्याचा आवाज आला.

तुम्ही हसताय, हसा. पण हे वाचताना तुमच्याही मनात आलं असेल की आपल्या गावातही असंच एक संग्रहालय आहे, एकदा निवांत बघायला हवं, जाऊ एखाद्या रविवारी. काळजी करू नका. तिथली बाई पाचपर्यंत वाट बघेल आणि मग तुमचं नाव लिहील. अभिप्राय चांगलाच देईल.