टिपणीसकाका शब्दासाठी जातात

टिपणीसकाकांना ‘कसे आहात?’ असं विचारायची सोय नव्हती. ते जिन्यात थांबायचे, हातातली पिशवी खाली ठेवायचे आणि म्हणायचे, “प्रकृतीने की परिस्थितीने? प्रश्न मोघम आहे.” मग आपणच प्रश्न दुरुस्त करून पुन्हा विचारायचा. पुढेपुढे मी शहाणी झाले आणि एका दमात ‘काका, प्रकृतीने कसे आहात’ असं विचारायला लागले. त्यावर ते खूश होऊन ‘उत्तम’ म्हणायचे, आणि चार पायऱ्या चढून गेल्यावर वरून आवाज यायचा, “परंतु असे की, गुडघा सोडून.”

गोरेगावच्या आमच्या सोसायटीत हा त्रास सगळ्यांना होता. सेक्रेटरींनी ‘पाणी जपून वापरावे’ अशी नोटीस लावली, की दुपारपर्यंत तिच्याखाली पेन्सिलीने लिहिलेलं असायचं, ‘जपून या शब्दाची व्याख्या द्यावी.’ सेक्रेटरी एकदा वैतागून म्हणाले, “या माणसाची वाट लागली ना, तरी हा आधी विचारेल, कोणती वाट?”

काकांचा धंदा काय, हे मात्र कोणाला धड सांगता यायचं नाही. कायद्यांची इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करायची त्यांची सरकारी नोकरी होती. निवृत्तीला अवकाश असतानाच ती सोडून ते व्यापाऱ्यांच्या संघटनांची कामं घ्यायला लागले. सरकारच्या अर्थसंकल्पात कशावर कर बसणार, कशाला सूट मिळणार, नव्या कायद्यात कोणाला काय बंधन येणार, यात अशिलाला हवा तो शब्द घालून आणायचा, नको तो काढून आणायचा. अधिवेशन असलं की ते विधान भवनाच्या लॉबीत उभे असायचे. हे मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या हळहळल्या. एवढा शिकलेला माणूस, आणि कुठल्या हॉटेलात उभा राहतो, असं त्यांचं म्हणणं पडलं.

कोणी त्यांना वशिलेबाज म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. “वशिला माणसासाठी लावतात,” ते म्हणायचे. “मी शब्दासाठी जातो.”

माझा तळमजल्यावर मराठी टायपिंगचा क्लास होता, आणि काकांची निवेदनं मी टाइप करायची. त्यामुळे त्यांची विद्या थोडीफार मला कळली. मंत्री नुसती सही करतो, मसुदा कक्ष अधिकारी लिहितो, आणि कक्ष अधिकारी हा कामाने वाकलेला जीव असतो. त्याच्यापुढे तक्रार घेऊन जाऊ नये, त्याला तयार वाक्य द्यावं. तेच वाक्य एखाद्या आमदाराच्या खिशातही ठेवावं, म्हणजे सभागृहात तो उठून नेमकं तेच विचारतो. एका वर्षी चिवडेवाल्यांवर कर येणार होता. चिवडा शिजवलेला की तळलेला, यावर सगळं अडलं होतं. काका अर्धा किलो चिवडा आणि दोन ओळींचा कागद घेऊन गेले. कागदावर फक्त एवढंच होतं, की पदार्थांच्या यादीत ‘व इतर फराळाचे जिन्नस’ असं घालावं. चिवडा टेबलावर संपला आणि शब्द यादीत गेले. त्या दिवाळीत आख्ख्या बिल्डिंगीने चिवडा विकत घेतला नाही, कारण काकांकडे तो पोत्याने आला होता.

काकांचा जीव खरा होता तो सोड्यांवर. कोळंबी सोलून वाळवतात ते सोडे. काकू गेल्यापासून स्वयंपाक ते स्वतःच करत, आणि रविवारी सोडे घालून वांगं शिजलं की जिन्याने जाणारा माणूस उगाच रेंगाळायचा. सोडे आणायची मढची हिराबाई. आठवड्यातून एकदा पाटी घेऊन बसने यायची आणि आमच्या फाटकाशी बसायची. तिचा नवरा दर्यात गेला होता, होडीसकट. काका खाली उतरायचे, तिच्याशी दोन शब्द बोलायचे आणि पुडी घेऊन वर जायचे. जगात फक्त तिच्याच बोलण्यात त्यांना दुरुस्ती सुचत नसे.

पुढे एका वर्षी समुद्रकाठच्या गावांतल्या मोकळ्या जागांबद्दल एक विधेयक येणार होतं. मच्छीमारांच्या वापरातल्या जागा कोणी कुंपण घालून अडवू नयेत, असा त्याचा अर्थ. तिकडच्या बंगलेवाल्यांची संघटना काकांकडे आली. त्यांचे बंगले शूटिंगला भाड्याने जायचे आणि समोरची वाळू त्यांना रिकामी हवी होती. काकांनी विधेयक वाचलं, चष्मा पुसला आणि ‘मच्छीमार’ या शब्दाच्या आधी एकच शब्द घातला, ‘परवानाधारक’. तो कागद मीच टाइप केला.

“एवढ्याने होईल?” मी विचारलं.

“मोघम शब्द कायद्यात राहिला की लोक वीस वर्षं कोर्टात भांडतात,” काका म्हणाले. “मच्छीमार कोण? ज्याच्या होडीला परवाना, तो. स्वच्छ.”

शब्द मसुद्यात गेला. काकांनी मला खरवस आणून दिला.

मार्चमध्ये अधिवेशन चालू झालं. विधेयक मंजूर व्हायचं होतं, पण बंगलेवाल्यांना दम नव्हता. एका सकाळी हिराबाई पाटीशिवाय आली आणि थेट माझ्या क्लासच्या दारात उभी राहिली. काका आतच बसले होते. तिच्या खळ्याभोवती, म्हणजे जिथे ती आणि गावातल्या बाया मासळी वाळवायच्या त्या वाळूभोवती, तारा ठोकल्या होत्या. नवीन कायद्यात परवाना असेल त्यालाच जागा, असं तिला सांगितलं होतं. जागा गेली तर तिच्याकडे विकायला काहीच उरणार नव्हतं.

“तुमी मंत्र्यांकरं जाता ना,” ती काकांना म्हणाली. “तवा इचारा त्यांना. होरी नेतो त्याला परवाना. मासली सुकवाला कंचा परवाना?”

मी यंत्राकडे बघत बसले. त्या खोलीत तो शब्द लिहिणारा आणि टाइप करणारी अशी दोघंही हजर होती, आणि ती बिचारी आमच्याकडेच मदत मागत होती.

दुसऱ्या दिवशी काका मला घेऊन मढला गेले. इतकी वर्षं त्यांनी सोडे खाल्ले, पण ते वाळतात कुठे हे पाहिलं नव्हतं. तारेपलीकडे मासळी वाळत घालायच्या बांबूच्या वलांड्या रिकाम्या होत्या, आणि अलीकडे बाया रस्त्याच्या कडेला चटया टाकून कोळंबी राखत बसल्या होत्या. बस गेली की धूळ उडायची, आणि त्या सगळ्या मिळून पदराने वारायच्या. काका तारेपाशी गेले. मग म्हणाले, “माझी व्याख्या चुकली. होडी नुसती मासळी आणते, पुढचं सगळं गाव करतं.” येताना बसमध्ये मला त्यांची फार दया आली.

रात्रीत त्यांनी दुरुस्ती लिहून काढली: ‘परवानाधारक मच्छीमार, किंवा मासळी सुकवून विकणारी कोणतीही व्यक्ती, मग तिच्याकडे होडी असो वा नसो.’ सकाळी मी ती टाइप केली. शेवटच्या ओळीशी अडले. प्रत्येक निवेदनाखाली कोणाच्या वतीने, ते लागतं.

“कोणाच्या वतीने लिहू?”

काकांनी विचार केला. “टिपणीसच्या वतीने लिहा. गरीब अशील आहे, पण चूक त्याचीच आहे.”

पुढचे दहा दिवस काका लॉबीत उभे राहिले. ज्यांच्याकडे ‘परवानाधारक’ घेऊन गेले होते त्याच टेबलांवर तो किती अपुरा आहे हे सांगायला जायचं, म्हणजे स्वतःच्या तोंडाने स्वतःला मूर्ख ठरवायचं. कक्ष अधिकारी हसले. एका आमदाराने विचारलं, महिन्याभरात असं काय घडलं? काका म्हणाले, मी मढला जाऊन आलो, तुम्हीही या. आमदार खरंच जाऊन आला. त्याने सभागृहात दुरुस्ती मांडली आणि ती मंजूर झाली. बंगलेवाल्यांचा माणूस सोसायटीत येऊन जिन्यात उभा राहून वाट्टेल ते बोलून गेला. उलटलेला माणूस म्हणून बाकीच्या संघटनांनीही काकांकडे यायचं बंद केलं. माझ्या यंत्राला काकांचं काम उरलं नाही, तरी काका रोज येऊन बसायचे.

तारा निघाल्या. पंधरा दिवसांनी हिराबाई पाटी घेऊन आली. काकांनी मलाही खाली बोलावलं. साक्षीला, म्हणाले. तिने निवडून ठेवलेले मोठाले सोडे काढले आणि विचारलं, “वयनी बरी हाय ना?”

मी दचकले. काकू जाऊन आठ वर्षं झाली होती. हिराबाईला इतक्या वर्षांत कोणी सांगितलंच नव्हतं की काय?

काकांनी टोपी काढून हातात घेतली.

“हिराबाई, माझ्या दोन दुरुस्त्या आहेत,” ते म्हणाले. “एक, तुझी जागा गेली ती ज्या शब्दाने, तो शब्द मी घातला होता. पैसे घेऊन घातला होता. दोन, ही बरी नाहीये. ही नाहीच आहे. तू दर वेळी विचारतेस आणि मी दर वेळी खोटं बोलतो.”

पहिल्या दुरुस्तीवर हिराबाईचा चेहरा कठीण झाला होता. मग तिने तराजू उचलला.

“सबूद तुमी घातलाव, तुमीच काढलाव. आता परत नका घालू,” ती म्हणाली. “आनि वयनीचा मना त्याच म्हैन्यान कललां व्हतां. वरच्या खिरकीतून भाव करायची ती. खिरकी बंद झाली, मना काय समजत नाय?”

“मग विचारायचीस कशाला?” काकांनी विचारलं.

“तुमी ‘बरी हाय’ बोलायचाव, तवा तुमचां तोंड बरां दिसायचां. म्हनून इचारायची.”

तिने एका माणसाला पुरतील एवढे सोडे तोलले आणि पुडी बांधून त्यांच्या हातात दिली. काकांना जिना चढवेना. ते तिथेच फाटकाच्या कट्ट्यावर तिच्या शेजारी बसले आणि काकूंबद्दल बोलायला लागले. ती ऐकत राहिली, आणि मी हळूच क्लासमध्ये परत आले.