ब्रॅकेटला दुधाचा हात

ॲल्युमिनियम कडक कसं करायचं हे जगात फार तर तीन माणसांना कळतं, आणि त्यातले दोघे आता हयात नाहीत! हे पाचशेपस्तीस स्वतःच सांगत. कुणी विचारलेलं नसताना.

पाचशेपस्तीस हे माणसाचं नाव आहे. म्हणजे पडलेलं नाव. ओतकामाच्या कारखान्यात ते ॲल्युमिनियमच्या भट्ट्यांचे मिस्त्री. ओतलेला भाग पाचशे पस्तीस अंशांवर आठ तास तापवायचा, एकदम पाण्यात बुडवायचा, मग एकशे सत्तर अंशांवर सहा तास मंद शेकायचा, की झाला मजबूत. यातला पहिला आकडा ते लोकांना बारशातसुद्धा गाठून सांगत. बायको एरवी "अहो" म्हणे. चिडली की तीही "पाचशेपस्तीस"!

आता त्यांची नोंदवही उघडू. गोष्ट तिथेच आहे. जिथे नाही, तिथे आम्ही सांगू.

सकाळी ९.०५. छोटी भट्टी. तापमान : नाही.

'तापमान नाही' असं लिहायची वेळ चौदा वर्षांत पहिल्यांदा आली. कॉइल जळाली होती. समोर बारा ब्रॅकेट, रात्रभर तापून, सकाळी पाण्यात बुडून, आता शेकायची वाट बघत बसलेले. आणि संध्याकाळी पाचला तपासनीस बाई!

थांबा, बाईंचं आधी सांगायला हवं होतं. हे ब्रॅकेट चाकाच्या खुर्चीचे, पाय टेकायच्या पाटीखालचे. आधीचे दोन नमुने बाईंनी नापास केलेले. वजन झकास पेललं, पण वरून धक्का बसला की कडाड! दोन्ही वेळा पाचशेपस्तीस म्हणाले होते, "आणखी कडक करतो." आता तिसरी खेप, आणि शेवटची. हीही मोडली, तर ब्रॅकेट ओतीव लोखंडाचा होणार, काम पलीकडच्या शेडमध्ये लोखंडवाल्या अण्णांकडे जाणार, आणि भट्टीच्या खोलीत अण्णांच्या वाळूच्या गोण्या येणार. मालकांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं. अण्णा तर सकाळीच टेप घेऊन हजर!

"काय पाचशेपस्तीस, किती गोण्या बसतील इथे?"

"एकही नाही."

"शंभर तर आरामात," अण्णा खिडकीची रुंदी मोजत म्हणाले. "आणि मोठ्या भट्टीत का शेकत नाही?"

"ती तीनशेच्या खाली स्थिर राहत नाही, अण्णा. हत्तीला सुईत दोरा ओवायला सांगताय तुम्ही!"

एकशे सत्तर अंश. सहा तास. एकसारखी आच. पाचशेपस्तीस उठले, बसले, पुन्हा उठले, खोलीत चार फेऱ्या मारल्या, जळक्या कॉइलला पाय मारला, पाय दुखला. आणि मग आठवला सख्खा मेहुणा. त्याची बेकरी!

१०.२०. बेकरीची भट्टी. १७०.

"भावजी, हे काय?"

"ब्रॅकेट."

"आत काय भरलंय?"

"काही भरत नाहीत त्यात! सहा तास एकशे सत्तरला ठेवायचे. दार उघडायचं नाही."

"मग झालं की नाही, कळणार कसं?"

"घड्याळाने."

मेहुण्याने त्यांच्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघितलं. "घड्याळाने वेळ कळते, भावजी. माल रंगावरून कळतो."

पाचशेपस्तीस मैद्याच्या पोत्यावर पहारा देत बसले. नजर भट्टीच्या तापमानाच्या काट्यावर. मेहुण्याचा हात दाराकडे गेला की हे खोकत. तो हात मागे घेई, एप्रनला पुसून दुसऱ्या बाजूने येई. हे पुन्हा खोकत. गिऱ्हाईकं विचारू लागली, "पाहुण्यांना क्षय आहे का?" दोन तासांत त्यांनी काट्याची काच रुमालाने नऊ वेळा पुसली. काटा जिथल्या तिथे. गुडघे मात्र शिवणयंत्रासारखे चाललेले!

साडेबाराला फोन. अण्णा!

"बाई आल्यात."

"पाचला येणार होत्या ना?"

"मला काय विचारता! चहा घेतायत. तोवर तुमची खोली दाखवू का, जळकी कॉइल वगैरे?"

पाचशेपस्तीस ताडकन उठले. मागून पांढरे, पुढून लाल. "ऐक रे, मी जातो. साडेचारला काढ आणि थेट कारखान्यात घेऊन ये. तोपर्यंत एकशे सत्तर! दार बंद!"

"अहो पण इस्पितळाचे साठ पाव तीनला द्यायचेत, ते दोनशे वीसशिवाय—"

स्कूटर निघून गेली होती.

१२.४०. (इथे वहीत काही नाही.)

मेहुण्याने बहिणीला फोन लावला. "ताई, भावजींचं सामान आहे भट्टीत. आच एकशे सत्तरवरून दोनशे वीस करू का? इस्पितळात लोक जेवायला बसतील."

"वाढव की! धातू आहे तो. पन्नास अंशांनी त्याला काय कळतंय?"

चौदा वर्षं! चौदा वर्षं या बाईने रोज जेवताना उष्णतेवरचं व्याख्यान ऐकलं होतं. निदान त्या वेळी समोर तरी बसली होती.

१.००. लोखंडाची शेड. १४५०.

बाईंना साडेचारपर्यंत रमवायचं होतं. पाचशेपस्तिसांनी त्यांना तीन प्रकारची वाळू दाखवली. मग तीच उलट्या क्रमाने दाखवली. मग निरुपाय म्हणून अण्णांच्या शेडमध्ये नेलं, जिथे त्यांनी वर्षभरात पाऊल टाकलं नव्हतं.

अण्णांनी नुकतंच वितळलेल्या लोखंडात मॅग्नेशियम घातलं होतं. डोळे दिपवणारा लखलखाट! त्याने लोखंडातल्या कार्बनच्या पापुद्र्यांचे गोळे होतात, आणि लोखंड ठिसूळ राहत नाही. फक्त एकच अट : दहा मिनिटांत साच्यात ओतायचं. उशीर झाला की मॅग्नेशियम उडून जातं, आणि लोखंड पुन्हा होतं तसं ठिसूळ.

"अण्णा," पाचशेपस्तीस तोंडात साखर ठेवून म्हणाले, "ते गोळे नेमके कसे होतात, बाईंना तुमच्याच तोंडून ऐकायचंय."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी अण्णांना हे विचारलं होतं! अण्णा फुलले. हातवारे सुरू झाले. पाच मिनिटं. आठ. ओतणारे खुणा करू लागले. अकरा.

"अण्णा, ते ओतायचं—"

"थांब रे! बाईंना सांगतोय ना!"

चौदाव्या मिनिटाला अण्णांनी घड्याळ पाहिलं. सगळी बादली पुन्हा वितळवायला परत! मग त्यांनी पाचशेपस्तिसांकडे ज्या नजरेने पाहिलं, तिचं तापमान मोजायचं साधन कारखान्यात नव्हतं.

४.०५. कारखान्याचं फाटक.

मेहुण्याची गाडी आली. वेळेआधीच. ट्रेवर शुभ्र फडकी. आणि वास! पावाचा असा खमंग वास, की फाटकावरचा पहारेकरी खुर्चीतून उठून चालत आला.

पाचशेपस्तिसांनी फडकं उचललं.

ब्रॅकेट बदामी झाले होते. वर छान तकाकी.

"हे... हे काय?"

"रंगच येत नव्हता हो," मेहुणा म्हणाला. "दुधाचा हात फिरवला. तीळ नाही लावले. म्हटलं, भावजी रागावतील."

"आच किती होती?"

"दोनशे वीस. ताईने सांगितलं."

"आणि दार?"

"दर दहा मिनिटांनी उघडलं. पाव होते ना आत."

पाचशेपस्तीस फाटकाला टेकले. ॲल्युमिनियम जास्त शेकलं की मऊ पडतं. संपलं! डोळ्यांसमोर गोण्या दिसू लागल्या. एकावर एक, छतापर्यंत. त्यांनी फडकं पुन्हा नीट झाकलं, जणू झाकल्यावर काही सुधारणार होतं. पण बाई मागेच उभ्या होत्या.

"आणा इकडे. उशीर नको."

यंत्रावर पहिला ब्रॅकेट चढला. दोनशे किलो. काटा थरथरला, खाली आला, अगदी रेघेवर टेकला आणि थांबला. पास, केसभर फरकाने, पण पास. पाचशेपस्तिसांनी डोळे मिटले, कारण आता धक्का. वरून वजन सुटलं.

धप्प!

कडाड नाही. धप्प.

एक डोळा उघडून त्यांनी पाहिलं. ब्रॅकेट जरासा वाकला होता, कुणी मान डोलवावी तसा. पण अखंड! दुसरा, धप्प. तिसरा, धप्प. अण्णा टेप खिशात घालून मुकाट्याने बाहेर गेले.

"तुम्ही आजवर फार कडक करत होतात," बाई म्हणाल्या. "म्हणून तर मोडत होते. खुर्ची पायरीवर आपटली तर ब्रॅकेट वाकलेला चालेल, माणूस पडलेला चालणार नाही. या वेळी काय केलंत?"

पाचशेपस्तिसांनी वही उघडली. तिथे ब्रॅकेटच्या शेकण्यापुढे त्यांच्या सुवाच्य अक्षरात एकच आकडा होता : एकशे सत्तर. तो वाचला असता, तर पुढची खेप पुन्हा कडाड. नाही वाचला तर... त्यांनी वही पुन्हा मिटली.

"मी सांगतो," मेहुणा पुढे झाला. "आधी दोन तास भावजींचं एकशे सत्तर. मग तीन तास दोनशे वीस. दर दहा मिनिटांनी दार. सोबत साठ पाव."

बाई लिहीत होत्या. "साठच?"

"साठच. आणि शेवटी दुधाचा हात."

"कुठलं दूध?"

"गाईचं."

"बाई, दुधाचा काही संबंध नाही!" पाचशेपस्तीस कळवळून ओरडले. "आणि पावांचा तर मुळीच नाही!"

"सिद्ध करा. नवा नमुना, नवी चाचणी, तीन महिने. तोवर काम पलीकडच्या शेडला. करायचं?"

पाचशेपस्तिसांनी मान खाली घातली.

"मग पास झालेल्या पद्धतीत तसूभर बदल चालणार नाही. एक पाव कमी झाला तरी खेप रद्द. प्रमुख म्हणून कोण सही करतंय?"

ज्याला पद्धत पाठ होती, त्याने केली. मराठीत, झोकात. मदतनिसाच्या रकान्यात पाचशेपस्तिसांनी.

खोली वाचली, भट्ट्या वाचल्या, वाळूची एकही गोणी आत आली नाही. दर मंगळवारी ब्रॅकेट बेकरीत जातात, आणि चौदा वर्षांच्या अनुभवाचा एक गृहस्थ सोबत बसून साठ पाव मोजतो. दोनदा.

कालच सोमवारी मेहुण्याचा फोन आला होता.

"भावजी, उद्या वेळेवर या हं. आणि येताना हात स्वच्छ धुऊन या. गेल्या खेपेला पावांना ग्रीसचा वास होता. इस्पितळवाल्यांनी तुम्हालाच बदलायला सांगितलंय!"